भरती काय फाशावर येते? – मुलांनी पटावरचे खेळ बनवताना शिकलेलं गणित-विज्ञान

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. शास्त्री खाडीच्या काठावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, मिळून एकोणीस मुलं. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पटावरचे खेळ करतोय. खेळ मुलं स्वतः बनवतात, मी फक्त प्रश्न विचारते. त्यात जे घडलं ते लिहायचं फार दिवस मनात होतं.

सुरुवात भरती-ओहोटीच्या धड्यापासून झाली. खाडीच्या मुखातून होडी आत जेटीपर्यंत आणायची, वाटेत वाळूचे दांडे, असा पट मुलांनी आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर आखला. भरती असेल तर होडी दांडा पार करणार, ओहोटी असेल तर रुतणार. भरती कधी हे ठरवायला मुलांनी फासा घेतला: सम पडलं तर भरती, विषम पडलं तर ओहोटी. दोन डाव मजेत झाले. तिसऱ्या डावात सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, भरती काय फाशावर येते? माझी आई तिथी बघून कालवं काढायला जाते."

वर्ग एकदम गप्प झाला. तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं, पण तिथीवरून भरती कशी काढायची ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आजोबांकडून नियम घेऊन आली: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अपूर्णांकांचा गुणाकार पोरांनी आपणहून केला, फळा भरून. मग फासा बाजूला ठेवून पटाच्या कडेने पंधरा घरांची तिथ्यांची पट्टी काढली आणि प्रत्येक घरात वेळ लिहिली.

आणि खेळ अडला. पौर्णिमेच्या घरात सव्वाअकरा, पुढे प्रतिपदेला पाऊण. बाकी सगळ्या घरांत पंचेचाळीस मिनिटांचं अंतर, इथे एकदम दीड तास. ज्या गटाची होडी त्या वेळी दांड्यावर होती, ती मुलं भांडायलाच उठली. मधला पाऊण तास गेला कुठे? पुस्तकात भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते असं आहे, म्हणून त्यांनी पन्नासने पट्टी पुन्हा मांडली. आता पौर्णिमेला साडेबारा आणि प्रतिपदेला बारा पन्नास, म्हणजे तिथे फक्त वीस मिनिटं उरली. आधी उडी होती, आता कोंडी झाली.

हे सोडवलं ते वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलाने. तो म्हणाला, पट्टी फिरून परत पहिल्या घरात यायची तर पंधरा घरांत बरोबर बारा तास वाटले गेले पाहिजेत. ७२० भागिले १५. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्याने ती पट्टी मांडली. पौर्णिमेला बारा, प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस. उडी नाही, कोंडी नाही.

त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही. हीच गोष्ट मी फळ्यावर सांगितली असती तर मुलांनी वहीत उतरवून घेतली असती आणि परीक्षेनंतर विसरली असती. खेळ बनवताना नियम अडतो, तेव्हा खरं काय आहे हे शोधल्याशिवाय पुढची चाल करता येत नाही. तयार खेळ खेळण्यात हे होत नाही, कारण तिथे सगळे नियम आधीच चालणारे असतात.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा. माझ्या दोन अडचणी आहेत. मुलांचे खेळ फार लांबतात, दोन तास तरी जातात. आणि यावर गुण कसे द्यायचे?

सुरंगी

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझा मुलगा गुहागरला सहावीत आहे. त्याला खेळ सांगितला की तो आधी रंगवायला बसतो. सापशिडी काढायची, चित्रं चिकटवायची आणि झाला प्रकल्प. रात्री अकरापर्यंत मीच कात्री घेऊन बसलेली असते. तुमच्याकडे सगळी मुलं भाग घेतात की दोन-तीन हुशार मुलंच पुढे आणि बाकीची पुठ्ठा कापायला? आणि अभ्यासक्रम पुरा होतो का? हे शंका म्हणून विचारत नाहीये, आमच्या शाळेत हा विषय काढायचा आहे म्हणून विचारतेय.

निवृत्त_गणित

बाई, तुमचं मनापासून अभिनंदन. चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्या अनुभवावरून थोडं लिहितो.

विज्ञान प्रदर्शनांत मी परीक्षक म्हणून बरेच 'शैक्षणिक खेळ' पाहिले. बहुतेक सगळे सापशिडीचे. शिडीखाली 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?' अशी चिठ्ठी, उत्तर आलं की वर चढा. एका प्रदर्शनात अशाच पटाला पहिला क्रमांक द्यावा असा आयोजकांचा आग्रह होता, कारण रंगकाम सुरेख होतं. मी नकार दिला आणि पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. त्याचं दुःख नाही. वाईट वाटतं ते त्या मुलांचं, चिठ्ठ्या लिहिण्यात त्यांचा महिना गेला.

माझी कसोटी एकच. खेळातून विज्ञान काढून टाकलं तरी खेळ तसाच चालतो का? सापशिडीतल्या चिठ्ठीवर प्रकाशसंश्लेषणाऐवजी पानिपतची लढाई लिहिली तरी डावात काही बदलत नाही. तुमच्या होडीच्या पटावरून तिथी काढली तर खेळच राहत नाही. फरक हाच. गुण द्यायचेच असतील तर मुलांना लिहायला सांगा: आमचा कोणता नियम अडला, का अडला, आम्ही काय बदललं. त्या एका पानाला गुण द्या, पटाला देऊ नका.

आता त्या अठ्ठेचाळीसबद्दल. ४८ मिनिटं म्हणजे दोन घटका, एक मुहूर्त. तुमच्या मुलाने काढलेलं उत्तर जुन्या कालमापनात चपखल बसतं. रोज चंद्र थोडा मागे पडतो आणि महिन्याभरात सूर्याच्या मानाने पूर्ण एक फेरी मागे पडतो. ते चोवीस तास तीस तिथ्यांत वाटले की तिथीमागे दोन घटका. आजोबांची पाऊणपट चुकीची नाही. होडीत बसून तोंडी हिशेब करणाऱ्याला पाऊणकी पाठ असते, अठ्ठेचाळीसचा पाढा नसतो. पुस्तकातले पन्नासही ढोबळमानाने बरोबरच आहेत, पण ते दिवसाच्या हिशेबाचे, आणि तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते. तीन आकडे, तिघांची गरज वेगळी. हे मुलांना जरूर सांगा.

तांडेलाचा_नातू

मी हर्णैचा. आमच्या घरात तीन पिढ्या समुद्रावर गेल्या, मी नोकरीनिमित्त पनवेलला असतो. धागा वाचून राहवलं नाही.

बाई, अठ्ठेचाळीस मिनिटंसुद्धा सरासरीच. पाणी रोज सारखं उशिरा येत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, रोजचा उशीर कमी असतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो बराच वाढतो. कॅलेंडरात किंवा वर्तमानपत्रात भरतीच्या वेळा छापून येतात, त्या महिनाभर उतरवून काढा आणि मुलांना रोजचा फरक काढू द्या. आलेख सरळ येणार नाही, आणि तो का येत नाही हे मुलं विचारतीलच.

दुसरं, पाणी चढतं तेही एका वेगाने नाही. आजोबा मला सांगायचे, पहिल्या तासाला पाणी वाट बघतं, तिसऱ्या-चौथ्याला धावतं. पुढे कळलं की जगभरचे दर्यावर्दी यासाठी बाराव्या भागांचा ठोकताळा वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरायचे. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. होडी ओढली जाते ती त्याच वेळी. तुमच्या पटावर दांड्यांना उंची द्या. एखादा दांडा तीन भाग पाण्यात बुडतो, एखादा नऊ भागांत. मग पोरांना हिशेब करावा लागेल की आता निघायचं की तासभर थांबायचं.

खेळ लांबतो म्हणालात, म्हणून एक छोटा सुचवतो. पंधरा मिनिटांत होतो, पट नसला तरी चालतो. मध्ये चाळीस काजूबिया ठेवा. हे समुद्रातले बांगडे. चार होड्या. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने हवे तेवढे काढायचे. फेरी संपली की उरलेल्यांच्या निम्मे नवीन टाकायचे, अर्धा आला तर सोडायचा, पण समुद्रात चाळीसच्या वर मावत नाहीत. किती काढले तर समुद्र कायम भरलेला राहील? उत्तर मी इथे लिहीत नाही. मुलांनाच काढू द्या.

मोती_तलाव

मी सावंतवाडीची. आमच्या गावची गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, सगळ्यांना माहीत आहे, पण ती बहुतेक घरांत भिंतीवर टांगलेली असते. खेळायला घेतली तर गणिताचा खजिना आहे.

दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० गोल पानं. तिघांचा डाव असला की प्रत्येकाला चाळीस. दिवसा खेळताना रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. खरी गंमत क्रमाची आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा, मग नऊ, शेवटी एक. उरलेल्या निम्म्यांत बरोबर उलट, तिथे एक्का दहाला मारतो.

माझी भाची ऋण संख्यांत अडकली होती. उणे एक हा उणे दहापेक्षा मोठा, हे तिला काही केल्या पटेना. दहा मोठा तर उणे दहा पण मोठा, असा तिचा हट्ट. मग आम्ही दोघींनी जुन्या लग्नपत्रिका कापून फक्त दोन रंगांची गंजिफा केली, एक भरतीचा आणि एक ओहोटीचा. भरतीच्या पानांवर जेटीच्या खुणेपेक्षा पाणी किती वर, ओहोटीच्या पानांवर किती खाली. ज्या पानावर पाणी जास्त उंच ते पान मोठं. खुणेखाली एक हात असलेलं पाणी दहा हात खाली गेलेल्यापेक्षा उंच, हे तिला दिसत होतं. तिसऱ्या डावात तिने माझा ओहोटी-दहा ओहोटी-एकने मारला, आणि हात तसाच पानावर ठेवून थांबली. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे उणे एक मोठा." त्यानंतर तिला हे कधी समजवावं लागलं नाही.

पानं टिकावीत म्हणून कागद एकावर एक चिकटवा आणि चिंचोक्याची खळ द्या. आमच्याकडचे चितारी हेच करत आले आहेत.

सुरंगी

चिंचोक्यांवरून आठवलं. लहानपणी आम्ही कवड्यांऐवजी चिंचोके फोडून खेळायचो, एक बाजू पांढरी, एक काळी. तुमचं सगळ्यांचं वाचून रविवारी मुलाला घेऊन बसले. चार फोडी एकदम टाकायच्या, किती पांढऱ्या पडल्या ते मोजायचं. दोन पांढऱ्या पडायचे मार्ग सहा, एक किंवा तीन पडायचे चार-चार, एकही नाही किंवा चारही पांढऱ्या यांचा एक-एक. एकूण सोळा. हे त्याने वहीत झाडाच्या फांद्यांसारखं काढलं. मग मी विचारलं, खेळात चौकाला (चारही पांढऱ्या) आणि अष्ट्याला (एकही पांढरी नाही) एवढा मान का? तो म्हणाला, "कारण ते सोळात एकदाच." दान पडल्यावर जादा डाव का मिळतो ते मला आज कळलं. एवढी वर्षं नुसतीच खेळत आले.

मग शंभर वेळा टाकून बघितलं. हिशेबाप्रमाणे येईना, पांढऱ्या जास्त पडत होत्या. तासभर आम्ही दोघं त्या फोडी उलट्यासुलट्या करून बघत होतो. शेवटी त्यानेच शोधलं, दोन फोडी नीट अर्ध्या झाल्या नव्हत्या, काळ्या बाजूला फुगीर होत्या. त्या त्याने ओट्यावर घासून सपाट केल्या आणि पुन्हा शंभर वेळा टाकायला बसला. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

डहाणू_लोकल

या धाग्यावर आमच्या डहाणूचं नाव यायलाच हवं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते आणि आकड्यांशी खेळत राहिले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं.

पट करायला अगदी सोपा: मध्ये ६१७४ ची विहीर, बाहेरून आत येणारी सात वर्तुळं. प्रत्येकाने एक संख्या निवडायची, जो सर्वांत उशिरा विहिरीत पडेल तो जिंकला. ३५२४ घेतलीत तर तीन पावलांत संपलात: ३०८७, ८३५२, ६१७४. एकदा मी सहज कापरेकरांचं जन्मवर्षच घातलं. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पावलाला ६१७४. पूर्ण सात! हे माझ्या हातून कागदावर उतरलं तेव्हा मी उठून घरात सगळ्यांना दाखवून आलो.

वजाबाकीचा एवढा सराव मुलं एरवी रडत करतात. इथे हातचा चुकला तर संख्या भलत्याच वाटेला जाते आणि समोरचा लगेच पकडतो. लहानांसाठी तीन अंकी घ्या, ती ४९५ वर थांबते.

जाता जाता, खेळातून शिकवायचा हा प्रकार नवा नाही. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेली की भाड्याने बाकीचे कसे नागवले जातात हे लोकांना कळावं म्हणून लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी एक पट तयार केला होता. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. मोनोपॉली त्यातूनच आली.

खाडीकाठ

किती दिलंत सगळ्यांनी! एकेक करून लिहिते.

सुरंगीताई, सगळी मुलं भाग घेतात, पण ते आपोआप झालं नाही. सुरुवातीला दोन मुलंच नियम सांगायची. मग मी एक केलं: गटातल्या एकाने दुसऱ्या गटाकडे जाऊन त्यांचा खेळ फक्त लिहून ठेवलेल्या नियमांवरून खेळायचा, बनवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. नियम अर्धवट लिहिला असेल तर तिथेच उघडा पडतो. जी मुलं बोलत नाहीत ती या कामात फार बारकाईने बघतात, हे मला तेव्हा कळलं. अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर खेळ आम्ही आनंददायी शनिवारच्या वेळात करतो, आणि अपूर्णांक, वेळेचं गणित, आलेख हे पाठ त्यातच होऊन जातात. काही पाठ यात बसत नाहीत, ते मी सरळ फळ्यावर शिकवते.

सर, तुमची कसोटी कागदावर लिहून वर्गात लावली आहे. अडलेल्या नियमाचं पानही सुरू केलं. त्या मुलाला दोन घटकांचं सांगितलं तर त्याने घरी जाऊन आजीला विचारलं आणि घटिकापात्राचं चित्र काढून आणलं.

दादा, तुमचा चाळीस बांगड्यांचा खेळ या शनिवारी घेतला. पहिल्या डावात चारही होड्यांनी पाच-पाच काढले. वीस उरले, तीस झाले. पुन्हा वीस काढले, दहाचे पंधरा. तिसऱ्या फेरीत समुद्र रिकामा आणि वर्गात आरडाओरडा. मग सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला. तेरा काढले तर सत्तावीस उरतात, त्यांचे तेरा वाढतात, पुन्हा चाळीस. हे कितीही फेऱ्या चालेल. चौदा काढले तर? मुलांना वाटलं, एकाने काय फरक पडणार. खेळून बघितलं: ३९, ३७, ३४, ३०, २४, १५. सातव्या फेरीत चौदा काढल्यावर काजूची एक बी उरली, आणि एकाचा अर्धा सोडून द्यायचा असल्याने ती वाढलीच नाही.

म्हणजे तिघांनी तीन-तीन काढले आणि एकाने चार, तर चालतं. दोघांनी चार काढले की सातव्या फेरीत संपलं. यावर तासभर वाद झाला. तो जादाचा एक कुणी घ्यायचा? आळीपाळीने घ्यावा असं एका गटाने ठरवलं. दुसऱ्या गटाने ठरवलं की कुणीच घ्यायचा नाही, बाराच काढायचे. मग एकाने विचारलं, "बाई, जून-जुलै बंदी असते ती यासाठीच का?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला का असतात, हे त्याला घरून माहीत होतं. पण त्यातलं गणित त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांना सांगितलं की एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर हाच प्रश्न अभ्यासला, सगळ्यांचं मिळून जे आहे ते लोक आपसांत नियम करून कसं राखतात, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आळीपाळी सुचवणारा गट फार खूश झाला.

येत्या अमावास्येला आम्ही जेटीजवळ काठी रोवणार आहोत. वितीवितीवर रंगाच्या खुणा करून ओहोटीपासून दर तासाला पाणी कुठे आलं ते नोंदवायचं, एक-दोन-तीन-तीन-दोन-एक खरंच येतं का बघायला. आकडे इथेच टाकीन.

तांडेलाचा_नातू

जरूर टाका, वाट बघतो. काठी जेटीच्या आतल्या अंगाला रोवा. बाहेरच्या बाजूला लाटेने पाणी वर-खाली होत राहतं, खूण कुठे धरायची कळत नाही. तळ चिखलाचा असेल तर काठी बुडते आणि आकडे चुकतात, म्हणून ती जेटीच्या खांबाला दोन ठिकाणी बांधून घ्या. उधाणाचं पाणी तिसऱ्या तासाला जोरात येतं, त्या वेळी मुलांना खाली उतरू देऊ नका, वरूनच वाचायला सांगा. गावातला कुणी तांडेल सोबत घ्या. त्या मुलीचे आजोबा आले तर फारच बरं.